अर्थिंगला माणूस

मी दवाखान्यातली नोकरी सोडली त्याच आठवड्यात आमच्या गावातल्या जमिनीनं वीज घेणं बंद केलं.

आधी कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. फ्रिजच्या दाराला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. नळाखाली भांडं धरलं की कोपरापर्यंत काहीतरी चढल्यासारखं व्हायचं. लोक म्हणाले, हवा कोरडी आहे. मग शाळेमागच्या पाण्याच्या मोटारीला चिकटून एक कुत्रं मेलं आणि वायरमन लोकांना घरोघरची बोलावणी सुरू झाली.

मी तेव्हा बाबालाल शिकलगार या वायरमनच्या हाताखाली नुकतीच काम शिकायला लागले होते. सगळं गाव त्यांना भाई म्हणायचं. त्याआधी कितीतरी वर्षं मी दातांच्या दवाखान्यात होते. पेशंटची नावं पुकारायची, ‘आ करा’ म्हणायचं, लाळ ओढणारी नळी धरायची आणि ‘दुखणार नाही’ असं सांगायचं. दुखायचंच. एकदा खुर्चीवरचा दिवा बंद पडला तेव्हा मिस्त्रीची वाट न बघता मीच तो उघडला, सुटलेली वायर स्क्रूखाली घेतली आणि आवळली. दिवा लागला. घरी जाताना मला वाटलं, हे काम बरं आहे. दिवा लागतो किंवा लागत नाही. कुणाला खोटं सांगावं लागत नाही.

मी एकटी राहते, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. फक्त धाकट्या बहिणीला, शालनला, फोन करून सांगितलं. ती खूप हसली.

“अक्का, या वयात शिडीवर चढणार तू?”

“चढणार.”

“चढ. साडी नेसून मात्र चढू नकोस.”

भाईंनी मला सगळ्यात आधी अर्थिंगच शिकवलं होतं. घरामागे खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, पाणी सोडायचं आणि त्या पट्टीची वायर घरातल्या बोर्डापर्यंत न्यायची. “घरात कुठंबी वीज भरकटली तर तिला जायला वाट पायजे,” भाई म्हणाले होते. “जमीन सगळं पोटात घेती. कुणाचं काय हाय, इचारत न्हाई.”

आता ती घेत नव्हती. आम्ही जुने खड्डे उघडायचो तर आतलं मीठ कोरडं ठणठणीत असायचं. पाणी ओतलं की ते थोडा वेळ आत राहायचं आणि मग कोमट होऊन वर यायचं. भाई फेज आणि अर्थिंगच्या मध्ये टेस्टचा बल्ब धरायचे. बल्ब लख्ख लागला तर अर्थिंग चांगलं. तो कुठल्याच घरात लागत नव्हता. भाई प्रत्येक वेळी बल्ब काढून कानाशी हलवून बघायचे, फिलामेंट तुटली का म्हणून. ती तुटलेली नसायची.

बाबरांच्या घरी आम्ही नवा खड्डा घेतला होता, तिथे पहिल्यांदा ते झालं. बाबरवहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या पायात काही नव्हतं. अर्थिंगची मोकळी वायर त्यांच्या वाटेत पडली होती, ती त्यांनी बाजूला करायला उचलली. माझ्या हातातला बल्ब लागला. इतका पांढरा लागला की मला डोळे मिटावे लागले.

“सोडा, सोडा!” भाई ओरडले.

“का? काही होत नाही,” वहिनी म्हणाल्या. “पायाला मुंग्या आल्यागत वाटतंय नुसतं.”

त्यांनी पुढचा शर्ट घ्यायला पाऊल उचललं, पण ते उचललं गेलं नाही. चिखलात रुतल्यासारखं ते दिसत नव्हतं. जमीन सुकी होती आणि पाय तिच्यावर नीट टेकलेले होते. फक्त जमीन त्यांना सोडत नव्हती. भाईंनी त्यांच्या हातातली वायर सोडवायला बघितली, तर बोटंही उघडत नव्हती. आतून बाबर बाहेर आले. ते फ्रिजला हात लावून आले होते.

“झटका गेला,” ते म्हणाले.

मग त्यांनी बायकोकडे बघितलं, थोडा विचार केला आणि कपड्यांची बादली उचलून तिच्या हाताला येईल अशी जवळ ठेवली.

“वहिनी, ओढून बघू का?” मी विचारलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “एवढे वाळत घालते आधी.”

पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. जमिनीला आता अनोळखी तांबं चालत नव्हतं, तिला ओळखीचं माणूस लागत होतं. घरातल्या सगळ्यांनी अनवाणी येऊन खड्ड्याजवळ उभं राहायचं, एकेकानं वायर हातात घ्यायची आणि मी बल्ब धरायचा. ज्याचे पाय त्या घरात सगळ्यात जास्त फिरले असतील त्याच्यावर बल्ब पांढरा लागायचा. बाकीच्यांवर तांबूस लागायचा किंवा लागायचाच नाही. बहुतेक घरांत पुरुषांवर लागायचा नाही. ते हात झाडून बाजूला व्हायचे आणि मोबाईल बघायचे. काही घरांत म्हाताऱ्यांवर लागला. एका घरात जन्मभर तिथेच राबलेल्या, पण आता जागेवरून न उठणाऱ्या आजोबांवर लागला, तेव्हा ते फार खूश झाले. भोसल्यांच्या बंगल्यात घरातल्या कुणावरच लागला नाही, धुणंभांड्याला येणाऱ्या कलावतीवर लागला. संध्याकाळी तिच्या घरचे तिला न्यायला आले आणि डबा देऊन परत गेले.

उभं राहण्याआधी बायका माझ्याकडे बघायच्या. “दुखतं का हो?” असं विचारायच्या.

“दुखणार नाही,” मी सांगायचे.

आणि खरोखरच दुखत नव्हतं. त्यामुळे मला काही बोलता येत नव्हतं.

एक दिवस भाईंनी काम करता करता पक्कड खाली ठेवली आणि ते ओट्यावर बसले. आम्ही एका नुकतंच लग्न झालेल्या जोडप्याच्या घरी होतो. त्या मुलीनं वायर हातात घेतली होती आणि ती आमच्याकडे बघत थांबली होती.

“बाई,” भाई मला म्हणाले, “मी वायर जोडतो. माणूस जोडत न्हाई.”

“मग हे घर असंच ठेवायचं?”

“ते मला न्हाई ठाव. मी मिरजेला पोरीकडं चाललो. तिकडची जमीन अजून घेती म्हणं.”

“आणि मी?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुमी चला. न्हाईतर ऱ्हावा. पण राहिलात तर तुमीच करणार हे. दुसरं कोण हाय आता?”

ते गेले. मी राहिले. मुलीच्या हातातली वायर मी नीट गुंडाळून बांधली, म्हणजे तिची बोटं आखडणार नाहीत. मी नसते तर त्यांनी कुणाकडूनही करून घेतलं असतं आणि त्यानं वायर सैल ठेवली असती, असं मी मला सांगितलं. बायकांना मी आलेली बरी वाटायची. त्या माझ्यापुढे लवकर तयार व्हायच्या. हे लोकांच्या लक्षात आलं आणि मला आणखी बोलावणी यायला लागली. रस्त्यानं जाताना लोक मला बघून थांबायचे, नमस्कार करायचे, आणि मग त्यांची नजर आपल्या घरातल्या कुणाकडे तरी जायची.

दातांच्या दवाखान्यातूनही फोन आला. अर्थिंगचं काम त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, पण खुर्चीवरचा दिवा लुकलुकत होता. मी गेले. मागच्या बोळात माझ्या जागेवर घेतलेली तेजल उभी होती, डोक्यावर छत्री बांधून. तिच्या हातातली वायर ढिली झाली होती. मी ती आवळली. आत दिवा स्थिर झाला.

“पेशंट आला की मी इथूनच नाव पुकारते,” तेजल म्हणाली. “खिडकी उघडी ठेवतात.”

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “हिच्यावर आधी जरा तांबूसच लागला होता,” ते म्हणाले. “नवीन ना. तू असतीस तर लख्ख लागला असता. आख्खा दवाखाना तुझ्याच पायाखालचा.” ते हसले. “थोडक्यात सुटलीस बघ.”

मीही हसले. घरी येईपर्यंत माझ्या पायांचे तळवे गरम होते.

शालनच्या नवऱ्याचा, अरविंदचा, फोन आला तेव्हा मी काही दिवस काहीतरी कारण सांगून टाळलं. त्यांचं घर नदीपलीकडच्या प्लॉटांवर होतं. मग त्यांच्या लेकीला, ओवीला, बाथरूमच्या नळाचा झटका बसला. ती भिंतीवर आपटली आणि तिचा खांदा निखळला. अरविंदनं परत फोन केला.

“ताई, तुम्ही येताय की दुसरं कुणी बघू?”

मी गेले.

शालननं नेहमीसारखा चहा केला. ओवीचा हात गळ्यात बांधलेला होता. शालनच्या सासूबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी सगळ्यांना मागे बोलावलं. अरविंदवर बल्ब लागला नाही. सासूबाईंवर तांबूस लागला. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या घरातही मऊ चपला घालून फिरायच्या.

“माझ्यानं झालं असतं तर उभी राहिले असते बाई,” त्या म्हणाल्या आणि खरंच वाईट वाटल्यासारख्या परत खुर्चीवर जाऊन बसल्या.

शालन पुढे आली. चप्पल तिनं आधीच काढून ठेवली होती. मी पाठ तिच्याकडे केली आणि होल्डरमधला बल्ब अर्धा फिरवून सैल केला.

तिनं वायर धरली. बल्ब लागला नाही.

“नाही लागत,” मी म्हणाले. “तुमच्या घरात कुणावरच लागत नाही. तुम्ही काही दिवस माझ्याकडे येऊन राहा.”

अरविंदनं कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, “असं कसं?” शालन माझ्याजवळ आली, माझ्या हातातला होल्डर तिनं आपल्या हातात घेतला आणि बल्ब बोटानं हलवून बघितला.

“अक्का, हा ढिला आहे.”

“राहू दे, शालन.”

“ओवी दिवसभर नळाजवळ जायला घाबरते. काल तिनं तोंडसुद्धा धुतलं नाही.” तिनं बल्ब फिरवून घट्ट केला, होल्डर माझ्याकडे दिला आणि वायर पुन्हा उचलली. “धर.”

मी धरला. तो लागला. अंगणातल्या सगळ्या वस्तूंच्या सावल्या भर उन्हात दुसऱ्या बाजूला पडल्या.

ती वायर मी बांधली. इतकी चांगली मी कधीच बांधली नव्हती.

मी रोज तिच्याकडे जायला लागले. अरविंदनं तिच्यावर पत्र्याची शेड घातली होती. ओवी तिच्याजवळ बसून अभ्यास करायची. सासूबाई भाजी निवडायला तिच्याकडे आणून द्यायच्या. घरातल्या नळाला आता काही होत नव्हतं. शालन सुरुवातीला नेहमीसारखी बोलायची, हसायची. मग मला दिसलं की तिचे घोटे दिसत नाहीत. पुढे पोटऱ्याही दिसेनात.

“तू खाली चाललीस,” मी म्हणाले.

“हो ना. ओवी आता माझ्या उंचीची झाली. तिला मजा वाटते.” मग तिनं आवाज बारीक केला. “अक्का, खालून कुणीतरी माझ्या पायांना हात लावतं.”

“कोण?”

“काय माहीत. हात खरखरीत आहे. मापं घेतल्यासारखं करतात. काल पाय पाण्यानं धुतले. बरं वाटलं, पण मला विचारलं नाही.”

मी अरविंदला सांगितलं की मी तिला बाहेर काढणार. तो नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, “आधी ओवीचा हात बरा होऊ दे.” ओवीचा हात बरा झाला, तेव्हा तो म्हणाला, “उन्हाळा सरू दे, पंख्याशिवाय आईला जमणार नाही.” तोपर्यंत शालन गुडघ्यापर्यंत गेली होती. मी बाबरांकडे जाऊन आले. वहिनी कमरेपर्यंत गेल्या होत्या आणि कपडे वाळत घालायची दोरी बाबरांनी खाली बांधून दिली होती. त्यांना मी विचारलं, खालून कुणी हात लावतं का. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

एका दुपारी अरविंदच्या घरचे सगळे लग्नाला गेले होते. मी पहार, खोरं आणि घमेलं घेऊन गेले. आधी मेन बंद केला. घरातला पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. मग मी शालनच्या हातातली वायर सोडवायला घेतली. बोटं उघडत नव्हती.

“मेन बंद केलास ना?” शालननं विचारलं.

“केला.”

“मग अंगातून अजून जातंय कसं?”

मी खिशातला टेस्टर काढला आणि तिच्या कोपराला लावला. टेस्टरचा दिवा लागला. खाली तिच्या गुडघ्याला लावला. तिथे जास्त लागला. वीज तिच्यातून खाली जात नव्हती. ती खालून वर येत होती.

मी तिला काही सांगितलं नाही. पहार घेतली आणि खणायला सुरुवात केली. वरची माती सैल होती. तिच्या पोटऱ्या मोकळ्या झाल्या. त्या थंड होत्या आणि तिच्या होत्या, मांजरानं ओरबाडल्याचा लहानपणचा व्रण तसाच होता. मी हातानं माती बाजूला करत राहिले. शालन वरून सांगत होती, जरा डावीकडे, हळू, तिथं दुखतंय. दुखतंय हे ऐकून मला बरं वाटलं. घाम डोळ्यांत जात होता. मला वाटत होतं, घोटे मोकळे झाले की तिला काखेत धरून उचलायची, गाडीवर मागे बसवायची आणि थेट मिरजेची वाट धरायची.

घोट्यांच्या जरा वर पहार टण्‌कन वाजली.

मी माती झाडली. तिथे सिमेंटचा गिलावा होता. गुळगुळीत, सपाट, चांगल्या गवंड्यानं केलेला. शालनच्या पायांभोवती तो दोन गोल ठेवून नीट भरून घेतला होता, कुठे फट नव्हती. मी कडेला पहार घातली आणि जोर लावला. कवडीएवढा एक तुकडा निघाला. त्या भोकातून उजेड वर आला, दिवसाचा असावा तसा.

मी पोटावर आडवी झाले आणि डोळा लावला.

खाली एक घर होतं. नुकताच रंग दिलेली खोली, भिंतीला खिडकी, खिडकीत ऊन. टेबलाशी माणसं जेवायला बसली होती, पण ती जेवत नव्हती. ताटात वाढलेलं तसंच ठेवून, पदरानं आणि हातातल्या कागदानं वारा घेत ती वर बघत होती. छतातून शालनची पावलं लोंबत होती. कुणीतरी ती धुऊन पुसून घेतली होती. दोन्ही घोटे एकत्र करून त्यांना लोखंडी पट्टी आवळली होती आणि त्या पट्टीतून पंख्याचा दांडा खाली सोडला होता. स्टुलावर एक बाई उभी होती, अंगात ढगळ शर्ट, केसांत टेस्टर खोचलेला. ती शेवटचा स्क्रू पिळत होती. तिचं काम चांगलं होतं. ती घाई करत नव्हती.

“अक्का, काय आहे गं खाली?” शालननं विचारलं.

“घर आहे.”

“माणसं आहेत?”

“आहेत.”

“काय करतायत?”

“उकडतंय त्यांना,” मी म्हणाले.

बाई स्टुलावरून उतरली. तिनं स्टूल भिंतीकडे सरकवलं, हात शर्टाला पुसले, वर बघून पंख्याची पाती एकदा डोळ्यांनी तपासली. मग दाराजवळच्या म्हाताऱ्या माणसाला म्हणाली, “लावा आता. आधी एक नंबरवरच ठेवा.”

तो उठून बोर्डाकडे गेला. बटण वाजलं.

मी मान वर केली. शालन माझ्याकडे बघत होती. ती काहीतरी विचारणार होती, तिचं तोंड उघडलेलं होतं. तिचा चेहरा सावकाश बाजूला गेला. मग कान दिसला, मग वेणी, मग पाठ.